पोलिसाच्या ड्युटी बेल्टवर न मिटणारा चाकू: बाळगावा का, आणि बाळगायचा तर कुठे

तुम्ही लिहिता की कॅलिफोर्नियातील पोलीस अकादमीचे तुमचे शेवटचे दोन महिने उरले आहेत, नेमणूक गस्तीवर होणार आहे, तुम्ही उजव्या हाताचे आहात, आणि वर्गातील दोघातिघांनी ड्युटी बेल्टवर लावण्यासाठी न मिटणारे, म्हणजे अखंड पात्याचे चाकू आतापासूनच विकत घेऊन ठेवले आहेत. झटापटीत कोणी पिस्तुलाला हात घातला तर शेवटी हा चाकूच वाचवतो, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यातला कोणता चाकू घ्यावा आणि पट्ट्यावर नेमका कुठे लावावा, हे तुम्हाला हवे आहे. जाता जाता तुम्ही असेही लिहिले आहे की तुमचे काका महाराष्ट्र पोलिसांतून निवृत्त झाले आणि त्यांच्या पट्ट्यावर असा चाकू तुम्ही कधीच पाहिला नाही.

मी कॅलिफोर्नियातीलच एका काउंटीच्या शेरीफ खात्यात तेवीस वर्षे काढली. पहिली चार वर्षे तुरुंगात, त्यानंतर गस्तीवर, आणि शेवटची नऊ वर्षे नव्या जवानांना झटापटीचे आणि शस्त्र राखण्याचे, म्हणजे ते दुसऱ्याच्या हाती जाऊ न देण्याचे, प्रशिक्षण देण्यात गेली. त्या अनुभवावरून मी उत्तर देतो आहे. तुमच्या खात्याचे नियम, तुमची शरीरयष्टी, तुमची गस्तीची गाडी आणि तुमच्या हद्दीतील कामाचे स्वरूप यांनुसार काही गोष्टी बदलतील, आणि त्या कुठे बदलतील हे मी त्या त्या ठिकाणी सांगेन.

कोणता चाकू, हा प्रश्न माझ्या मते तिसऱ्या क्रमांकाचा आहे. त्याच्या आधी, हा चाकू नेमके कोणते काम करणार हे ठरले पाहिजे. आणि ते काम करताना तुमचा कोणता हात मोकळा असेल व दुसऱ्या कोणाचा हात त्या मुठीपर्यंत पोहोचू शकेल, हे पाहिले पाहिजे. हे ठरवल्याशिवाय घेतलेला चाकू पट्ट्यावर नुसती जागा अडवतो. ती जागा किती कमी असते, हे पिस्तूल, मॅगझिने, बेड्या, टेझर (विजेचा झटका देणारे साधन), दंडुका, मिरचीचा फवारा, रेडिओ, टॉर्च आणि टूर्निके (रक्तस्राव थांबवण्याचा पट्टा) लावून झाल्यावर तुमच्या लक्षात येईलच.

कामाचा हिशेब आधी करू. तेवीस वर्षांत मी चाकू शेकडो वेळा वापरला असेन: दोर, चिकटपट्टी, ताडपत्री कापण्यासाठी, कुंपणात अडकलेल्या कुत्र्याची दोरी सोडवण्यासाठी, जखमीचे कपडे फाडण्यासाठी. माणसावर तो एकदाही चालवावा लागला नाही. गस्तीवरील बहुतेक जवानांचा अनुभव असाच असतो. म्हणून चाकूला आधी अवजार म्हणून जोखावे, असे मला वाटते. आणि अवजार म्हणून जोखले की अखंड पात्याचा टोकदार चाकू पहिला येत नाही, हे चटकन दिसते.

तुरुंगात असताना प्रत्येक विभागात एक विशिष्ट कटर ठेवलेले असे. त्याचे पाते आकडीसारखे आत वळलेले, धार फक्त त्या वळणाच्या आत, आणि बाहेरची बाजू पूर्ण बोथट. गळफास घेतलेल्या कैद्याला सोडवण्यासाठी ते असते. चादरीच्या चिंध्यांचा फास मानेच्या कातडीत रुतलेला असतो, उजेड कमी असतो, हात थरथरत असतात, आणि अशा वेळी टोकदार पाते त्या फासाखाली सरकवणे म्हणजे वाचवायला गेलेल्या माणसाच्याच गळ्यावर सुरी धरणे. आकडी फासाखाली सरकते आणि ओढले की कापते. एकाने शरीराचा भार उचलून धरायचा, दुसऱ्याने कापायचे, आणि गाठ न कापता गाठीपासून दूर कापायचे, कारण गाठ हा पुरावा असतो. एवढे त्या कामाचे शिक्षण. हे काम मी तीन वेळा केले. त्यातला एक मुलगा वाचला, आणि तेव्हापासून आकडीचे कटर मी सोबत ठेवू लागलो.

गस्तीवर आल्यावर हाच धडा मी चुकीच्या मार्गाने पुन्हा शिकलो. पहिल्याच वर्षी उलटलेल्या गाडीत सीट बेल्टला लटकलेल्या एका बाईंना सोडवताना माझे कटर गाडीतल्या बॅगेत राहिले होते. मी खिशातला टोकदार चाकू काढला, पट्टा ताणलेला होता तो एकदम तुटला, आणि पात्याचे टोक त्यांच्या गळ्याच्या हाडाजवळून तीन इंच चिरत गेले. जखम उथळ होती, त्यांनी मला दोष दिला नाही, पण तो दोष माझाच होता. सीट बेल्टसाठी आकडी हवी, आणि ती गाडीत न ठेवता अंगावर हवी.

गाडीच्या काचेबद्दलही एक गैरसमज तुमच्या वर्गमित्रांना असावा, कारण चाकूच्या मुठीमागचे टोक काच फोडण्यासाठी असते असे तुम्ही त्यांच्या तोंडचे लिहिले आहे. टेम्पर्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, काच कठीण टोकाच्या एका नेमक्या घावाने भुगा होते, हे खरे. पण अलीकडच्या अनेक गाड्यांच्या बाजूच्या खिडक्यांना थरांची, म्हणजे लॅमिनेटेड काच असते. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ साली अशी सहा साधने तपासली, तेव्हा चार साधनांनी टेम्पर्ड काच फोडली आणि लॅमिनेटेड काच एकालाही फुटली नाही. त्याच तपासणीत स्प्रिंगचे साधन हातोडीपेक्षा सरस ठरले. तेव्हा काचेसाठी स्प्रिंगचे छोटे पंच वेगळे ठेवा, आणि काच लॅमिनेटेड निघाली तर दुसरी खिडकी किंवा अग्निशमन दल, हे मनात आधीच तयार ठेवा.

मग अखंड पात्याच्या चाकूसाठी उरते काय? उरते तेच, जे तुमचे वर्गमित्र सांगत आहेत: पिस्तूल राखणे. हा विचार पोकळ नाही, आणि मी तो उडवून लावणार नाही. तुमच्या काकांच्या पट्ट्याचे उत्तरही इथेच आहे. महाराष्ट्रात गस्तीवरील शिपायाच्या हातात बहुधा लाठी असते, आणि अंगावर पिस्तूल नसले तर ते हिसकावले जाण्याचा प्रश्न उद्भवत नाही. इथे आपण बऱ्याचदा एकट्याने गाडी थांबवतो आणि प्रत्येक झटापटीत निदान एक पिस्तूल हजर असतेच, ते म्हणजे आपले स्वतःचे. स्वतःच्याच शस्त्राने मारल्या गेलेल्या पोलिसांच्या नोंदी अमेरिकेची केंद्रीय तपास संस्था एफबीआय प्रसिद्ध करते, आणि त्या नोंदींमधील वर्णने वाचलेला कोणताही प्रशिक्षक हा धोका हलका मानत नाही.

तुम्ही पाठीवर पडला आहात, समोरचा वर आहे, आणि त्याचा हात तुमच्या पिस्तुलाच्या मुठीवर आला, अशी कल्पना करा. अकादमीत तुम्हाला शिकवले असेल की अशा वेळी उजव्या हाताने त्याच्या हातासकट पिस्तूल होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, खाली दाबून धरायचे आणि कोपर अंगाला घट्ट लावायचे. म्हणजे तुमचा उजवा हात संपूर्ण गुंतला, मोकळा उरला तो डावा. मिटणारा चाकू बहुतेकांच्या उजव्या खिशात असतो, तो डाव्या हाताला सापडत नाही. सापडला तरी हातमोजे घातलेल्या, घामाने किंवा रक्ताने ओल्या अंगठ्याने तो उघडणे फार अवघड जाते, आणि अर्धवट उघडलेले पाते स्वतःच्याच बोटांवर मिटू शकते. अखंड पात्याचा चाकू एका ओढीत बाहेर येतो आणि त्यात उघडण्यासारखे काही नसते. ओहायोमधील टॅक्टिकल डिफेन्स इन्स्टिट्यूटचे जॉन बेनर यांनी का-बार कंपनीसाठी कोन दिलेल्या मुठीचा जो छोटा चाकू रचला, तो नेमका याच प्रसंगासाठी: पिस्तुलाच्या विरुद्ध बाजूला, त्या हाताने ओढता येईल असा. त्या रचनेमागचे तर्कशास्त्र मला पटते.

आता ज्या गोष्टी दुकानदार सांगत नाही, त्या सांगतो.

पहिली गोष्ट कायद्याची. चाकू म्हणजे पिस्तुलापेक्षा ‘थोडे कमी’ बळ, असे नव्या जवानांना वाटते, आणि प्रशिक्षणात हा समज काढून टाकायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. माणसावर चाकू चालवणे हे घातक बळ आहे, गोळी झाडण्याइतकेच. बळाचा वापर वाजवी होता की नाही याची कसोटी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ग्रॅहम विरुद्ध कॉनर या निकालात घालून दिली. कॅलिफोर्नियाने त्यापुढे जाऊन दंडसंहितेचे कलम ८३५ए बदलले, आणि १ जानेवारी २०२० पासून घातक बळ मानवी जीवाच्या रक्षणासाठी आवश्यक असेल तेव्हाच वापरता येते. सरळ सांगायचे तर, ज्या क्षणी गोळी झाडणे समर्थनीय नसेल त्या क्षणी चाकूही समर्थनीय नाही. अटकेला विरोध करणारा, हात सोडवू पाहणारा, दारूच्या नशेत गळ्यात पडणारा माणूस या मर्यादेत बसत नाही, त्याने चुकून तुमच्या पट्ट्याला हात लावला असला तरीही. पिस्तूल हातातून जात आहे आणि गेले तर ते तुमच्यावर रोखले जाणार आहे, हे तुम्हाला नंतर शब्दांत मांडता आले पाहिजे, आणि बॉडी कॅमेऱ्यात ते दिसलेही पाहिजे.

दुसरी गोष्ट दुसऱ्याच्या हाताची, आणि माझ्या लेखी हीच सर्वांत महत्त्वाची. तुमच्या पिस्तुलाचे होल्स्टर बहुधा तिसऱ्या पातळीचे असेल. ते उघडायला ठराविक क्रमाने दोन-तीन हालचाली कराव्या लागतात आणि अनोळखी माणसाला तो क्रम सहज साधत नाही. चाकूचे म्यान मात्र केवळ घर्षणाने चाकू धरून ठेवते. सरळ ओढले की ते सोडते, कारण ते तसेच बनवलेले असते, आणि ओढणारा हात कोणाचा आहे हे म्यानाला कळत नाही. ज्या दिवशी तुम्ही तो चाकू पट्ट्यावर लावता, त्या दिवसापासून तुमच्या प्रत्येक अटकेत, प्रत्येक घरगुती भांडणात, मनोरुग्णाला आवरण्याच्या प्रत्येक प्रसंगात एका ओढीत निघणारे एक पाते हजर असते. हा धोका पत्करून जे मिळते ते तुमच्या कामासाठी पुरेसे आहे का, याचे उत्तर मी तुमच्या वतीने देऊ शकत नाही. जिथे मदत पोहोचायला पाऊण तास लागतो अशा डोंगरी हद्दीत एकट्याने गस्त घालणाऱ्याचे उत्तर वेगळे येईल. शहरात जोडीने फिरणाऱ्याचे, जिथे दुसरी गाडी तीन मिनिटांत येते, वेगळे येईल.

या दुसऱ्या गोष्टीवरूनच जागा ठरते. बकल म्हणजे घड्याळाचे बारा धरले, तर तुमचे पिस्तूल तीनवर आहे. चाकू अकराच्या आसपास, डाव्या कंबरेच्या हाडापुढे, मॅगझिनांच्या शेजारी असावा. तिथे तो तुमच्या नजरेखाली आणि डाव्या हाताच्या आडोशाखाली राहतो, गरज पडली तर उजवा हातही तिथे पोहोचतो, आणि इथल्या, डावीकडे चालक बसणाऱ्या गाड्यांत चालकाच्या सीट बेल्टचे बकल उजवीकडे असल्यामुळे ते चाकूच्या आड येत नाही. सहावर, म्हणजे पाठीच्या मध्यावर, तो कधीही लावू नये: पाठीवर पडलात तर मणक्याला इजा होते, गाडीत बसता येत नाही, आणि मागून येणाऱ्याला तो तुमच्याआधी सापडतो. पिस्तुलाशेजारीही नको, कारण तिथे गेलेल्या हाताला एकच गोष्ट सापडली पाहिजे. टेझर डाव्या बाजूला असेल तर त्याच्या आणि चाकूच्या मध्ये स्पष्ट अंतर ठेवा. तणावात हात चुकीच्या वस्तूवर जातो, हे एप्रिल २०२१ मध्ये मिनेसोटातील ब्रुकलिन सेंटरला, टेझर समजून पिस्तूल झाडले गेले आणि एका तरुणाचा जीव गेला तेव्हा, साऱ्या देशाने पाहिले. त्या अधिकारी सव्वीस वर्षे सेवेत होत्या.

तुमच्या खात्यात बाहेरून घालायच्या जाकिटावर साहित्य लावण्याची परवानगी असेल तर काही जण चाकू छातीवर लावतात. तिथे तो दोन्ही हातांना मिळतो, हे मान्य. पण समोर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्याही तो तितकाच हाताशी असतो, म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना ती जागा सुचवली नाही.

जागा ठरली की म्यानाकडे या. पात्यापेक्षा म्यानाकडे जास्त लक्ष द्या. ड्युटी बेल्ट सव्वादोन इंच रुंद असतो, आणि बाजारातील अनेक म्यानांच्या पकडी दीड ते पावणेदोन इंचाच्या रोजच्या पट्ट्यासाठी असतात. त्या जबरदस्तीने बसवल्या की एक तर चिरतात किंवा अर्धवट बसतात. एका सरावात माझ्या एका विद्यार्थ्याने जमिनीवर पडून सगळा जोर लावून चाकू ओढला, आणि चाकू म्यानासकट हातात आला. धारेवर म्यान तसेच, एक हात गुंतलेला, आणि ते काढायला दुसरा हात नाही. सराव होता म्हणून आम्ही थांबलो. तेव्हापासून नियम असा की पकड स्क्रूने आवळलेली असावी, स्क्रूंना ते न सुटण्याचे द्रावण लावलेले असावे, आणि महिन्यातून एकदा ते तपासावेत. म्यान कायडेक्सचे, म्हणजे एका कडक प्लास्टिकचे, घ्या. चामडे दिसायला सुंदर असते, पण पावसाने आणि घामाने सैल होते व ओल धरून पात्याला गंज आणते. म्यान उलटे धरून जोरात झटका, कुंपणावरून उडी मारा, शंभर मीटर धावा. चाकू जागचा हलता कामा नये आणि वाजताही कामा नये, कारण रात्री अंगणात शिरताना खडखडणारे म्यान तुमची जागा सांगते.

पात्याबद्दल मला फारसे सांगायचे नाही. अडीच ते तीन इंच लांबी पुरते. त्यापेक्षा लांब पाते वाकताना आणि गाडीत बसताना जांघेत टोचते. एकच धार असावी, समुद्रकाठच्या धुक्यात नोकरी असेल तर पोलाद न गंजणारे असावे, आणि मूठ ओल्या हातमोज्यात न घसरणारी असावी. मुठीवर कवट्या, घोषवाक्ये, मारक वाटणारी नावे असलेला चाकू मात्र घेऊ नका. त्या चाकूचे छायाचित्र एक दिवस ज्युरीसमोर मोठ्या पडद्यावर लागू शकते, आणि तुम्ही कोणत्या मनाने तो निवडला, याचे उत्तर तुम्हाला द्यावे लागेल.

जागा आणि म्यान ठरल्यावर चाचणी करा, आणि ती खऱ्या चाकूने कधीही करू नका. बोथट सरावाचा चाकू, निळे नकली पिस्तूल आणि विश्वासातला जोडीदार घ्या. पूर्ण पट्टा लावून गाडीत बसा, सीट बेल्ट लावा, आणि चाकू निघतो का पाहा. डाव्या कुशीवर पडा, वजन अंगावर घ्या, पुन्हा पाहा. हातमोजे ओले करा. पावसाळी कोट घाला. माझ्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांचा चाकू इथेच अडकला, कारण कोटाच्या टोकाखाली मूठ सापडतच नाही. मग भूमिका बदला: जोडीदाराने तुमचा चाकू हिसकावण्याचा प्रयत्न करायचा आणि तुम्ही तो राखायचा. त्याने पाचांपैकी दोन वेळा जरी तो काढला, तरी ती जागा तुमच्यासाठी चुकीची आहे.

कोटावरून आठवले, म्हणून साध्या कपड्यांबद्दलही लिहितो, कारण नवे जवान ड्युटी संपल्यावर तोच चाकू शर्टाखाली घालून बाहेर पडतात. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेच्या कलम २१३१० नुसार खंजीर प्रकारातील चाकू लपवून बाळगणे गुन्हा आहे, आणि कलम २०२०० नुसार कंबरेला म्यानात उघड दिसेल असा लटकवलेला चाकू लपवलेला मानला जात नाही. पोलिसांना देशभर लपवून शस्त्र बाळगण्याची मुभा देणारा २००४ चा केंद्रीय कायदा फक्त बंदुकांसाठी आहे. चाकूचा त्यात समावेश नाही. राज्य ओलांडून प्रवासाला निघताना हे विसरू नका.

तुमच्याबद्दल माझे मत विचाराल तर पहिल्या वर्षी पट्ट्यावर अखंड पात्याचा चाकू लावू नका. आकडीचे कटर हाताशी ठेवा, काचेचा पंच ठेवा, आणि मिटणारा चाकू डाव्या पुढच्या खिशात क्लिपने लावून डाव्या हाताने उघडण्याचा रोज सराव करा. परिवीक्षा काळात फील्ड ट्रेनिंग अधिकारी तुमच्याकडे जे बघतो त्यात पट्ट्यावरची प्रत्येक जादा वस्तू येते, आणि त्या काळात तुमचे सगळे लक्ष बोलणे, अंतर राखणे आणि पिस्तुलाची बाजू समोरच्यापासून वळवून उभे राहणे यावर असले पाहिजे. होल्स्टरमध्ये पिस्तूल राखण्याचा सराव अंगवळणी पडला, हद्द कळली, आणि तरीही गरज वाटली, तर खात्याचा साहित्याचा नियम वाचा, प्रशिक्षण सार्जंटला ईमेलने लेखी विचारा आणि लेखी परवानगी जपून ठेवा. तोंडी ‘चालेल’ कोणाला नंतर आठवत नाही. त्यानंतर शस्त्र राखण्याच्या प्रशिक्षणात हा चाकू धरून किमान दोन पूर्ण दिवस घाला, आणि मगच खरे पाते पट्ट्यावर येऊ द्या.

चाकू लावलात तर पहिल्याच दिवशी जोडीदाराला आणि शिफ्ट सार्जंटला तो कुठे आहे ते दाखवा. तुम्ही बेशुद्ध पडलात तर तुमचा पट्टा तेच उतरवणार आहेत, आणि पॅरामेडिकने कंबरेत हात घालण्याआधी पिस्तुलाबरोबर तो चाकूही काढून घेणारा माणूस तिथे असला पाहिजे.